माळ नसलेल्याने वारीचा अभ्यास करू नये?

इंद्रायणीकाठ:
परवा इथे एकाने लिहिलं, "ज्याच्या गळ्यात माळ नाही त्याने वारीवर पीएचडी करू नये. भक्ती म्हणजे चिरून बघायचा बेडूक नव्हे." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी माळकरी आहे, सोळा वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतोय, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

विठोबाची पाळंमुळं गवळी-धनगरांच्या देवात आहेत, थेट कर्नाटक-आंध्रापर्यंत गेलेली आहेत, हे मला कुठल्या कीर्तनात कळलं नाही. रा. चिं. ढेऱ्यांनी ते मांडलं, त्या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमी मिळाली. वाचून माझी भक्ती उणावली नाही. पुढच्या वारीत जेजुरीच्या अलीकडे मेंढरं घेऊन चाललेला धनगर दिसला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. गुंथर सोन्थायमर तर जर्मनीहून आले आणि धनगरांमध्ये बसून बिरोबाच्या ओव्या टेप केल्या. त्यांच्या गळ्यात कुठे माळ होती? अभ्यासक देव आहे की नाही ते ठरवायला येत नाही. एवढी माणसं एका वाटेने का चालतात, ते समजून घ्यायला येतो.

फडावरचा:
ढेऱ्यांचं नाव पुढे करून सगळ्यांना पास करू नका. त्यांनी आयुष्य घातलं त्यात. माझा राग प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांवर आहे. गेल्या वर्षी सासवडच्या मुक्कामी पायाला फोड, बाहेर पाऊस, पालात पाणी. एक मुलगा आला, "काका, वार्षिक उत्पन्न किती?" म्हटलं बाळा, आधी तो तेलाचा डबा सरकव. त्याने कागदावर खूण केली आणि पुढच्या पालात गेला. हा आमच्यावर लिहिणार! समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वेही वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण-मराठे वेगळे जेवतात एवढंच लेख लिहून जगाला सांगून आल्या.

मंगळवेढ्याची:
एवढंच? ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, हेही त्याच बाईंनी त्याच लेखात लिहिलंय. ते वाक्य तुम्ही दर आषाढीला फॉरवर्ड करता. गोड तेवढं घ्यायचं आणि पंगतीचं आलं की बाई बाहेरची?

फडावरचा:
ताई, ते सत्तर वर्षांपूर्वीचं. आमच्या दिंडीत एकच पंगत बसते. कुणी कुणाला जात विचारत नाही.

मंगळवेढ्याची:
विचारावी लागतच नाही, आडनाव पुरतं. माझी आई २००९ साली एका दिंडीत होती. सगळ्यांसारखे पैसे भरून. लोणंदला ती पाण्याची कळशी घेऊन पंगतीत वाढायला उठली. एका बाईने कळशी तिच्या हातातून काढून घेतली. रागाने नाही, हसून. "तुम्ही बसा हो, आम्ही वाढतो." वाढणाऱ्या सगळ्या कोण होत्या ते तिसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आलं. त्या रात्री ती जेवली नाही. पण चालली, पंढरपूरपर्यंत चालली आणि चोखोबांच्या समाधीपाशी बसून रडली. दिंडीच्या वहीत हे कुणी लिहीत नाही. निदान प्रबंधात तरी येऊ दे.

इंद्रायणीकाठ:
मी हेच म्हणत होतो.

फडावरचा:
तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता. त्यांच्या आईच्या दुःखावर स्वतःची पोळी भाजू नका. आणि चोखोबांना आत घेतलं नाही हे चोखोबांनीच गाऊन सांगितलं. मंदिर सर्वांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, प्रबंध लिहायला नाही. सुधारणा आतल्या माणसांनी केली.

मंगळवेढ्याची:
मग आतल्यांना सहाशे वर्षं का लागली?

जात्याचा खुंटा:
माझं दुखणं वेगळंच आहे. नव्वदच्या सुमारास कुणीतरी माझ्या आजीच्या ओव्या टेप करून नेल्या. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणून आजीने गरज नसताना पायलीभर ज्वारी दळली. नंतर ना टेप आली, ना पत्र. आजी गेली. तिचा आवाज कुणाच्या तरी कपाटात पडून असेल. अभ्यास करा, पण नेलेलं परत आणून द्या की!

मंगळवेढ्याची:
याला माफी नाही, मान्य. पण सगळे तसे नसतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर आहेत. आजीचं गाव टाकून बघा.

जात्याचा खुंटा:
आजच बघतो. सापडलं तर आधी आईला ऐकवेन.

फडावरचा:
नाव-गाव लिहून काम करणारे असतील तर माळेचा हट्ट मी सोडतो. पण चार मुक्काम पायी चालल्याशिवाय वारीवर कुणी लिहू नये, हे माझं म्हणणं कायम. आणि ताई, त्या दिंडीचं मी काही बोलू शकत नाही. माझ्या दिंडीचं बोलतो. येत्या वारीला लोणंदला आमच्या पालात या. पंगत बघा आणि काय लिहायचं ते लिहा.

मंगळवेढ्याची:
येते. आईलाही आणते. पाणी ती वाढेल.