शेवट सारखा, उच्चार वेगळा: 'हॅच'वरून 'वॉच' का सुचत नाही?

परवा वर्डलमध्ये (सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं होतं) हातातोंडाशी आलेला घास गेला. दुसऱ्याच प्रयत्नात 'हॅच' टाकला आणि शेवटची चार अक्षरं, ए-टी-सी-एच, हिरवी झाली. हा हिरवा एच शेवटचा, पहिला चुकलेला. म्हटलं, आता पहिलं अक्षर तेवढं बदलायचं. कॅच, मॅच, पॅच, बॅच... सहाही प्रयत्न संपले. उत्तर होतं 'वॉच'. रोजच्या वापरातला शब्द, पण डोक्यात आलाच नाही! सारख्या शेवटाचे छोटे शब्द आठवायची काही युक्ती आहे का? यमकांची यादी पाठ करू का?

—

यमकांनीच तुमचा घात केलाय. तुम्ही कानाने शोधत होतात आणि 'वॉच' काही 'हॅच'शी जुळत नाही. खेळ मात्र फक्त अक्षरं बघतो.

यात डब्ल्यूची गंमत आहे. तो उच्चारताना ओठांचा चंबू होतो आणि पुढचा 'ए'ही त्या चंबूत सापडतो. हा बदल साधारण 17व्या शतकातला. स्पेलिंग जुनंच राहिलं. म्हणून बार, कार, फार, जार, टार यांच्या रांगेत 'वॉर' बसतो, कॅश-डॅश-मॅशच्या रांगेत 'वॉश', आणि कॅन-फॅन-पॅनच्या मागे 'स्वॉन'. पण पुढे आपल्या क-वर्गातला ध्वनी आला की 'ॅ' शाबूत राहतो: वॅग, व्हॅक, ट्वँग. 'वॅक्स'सुद्धा, कारण एक्समध्ये 'क' दडलेला आहे. ('स्वॅम' हा या नियमाला न जुमानणारा आगाऊ शब्द.)

'ओ-आर'चंही तेच. कॉर्ड, लॉर्ड, फोर्ड आणि मध्येच 'वर्ड'. फोर्क, कॉर्क, पोर्क आणि 'वर्क'. फॉर्म, नॉर्म, डॉर्म आणि 'वर्म'. तेव्हा शेवट सापडला की डब्ल्यू आधी लावून बघा, कान नको म्हणत असला तरी.

—

'ओ-यू-जी-एच'चं (स्पेलिंग एक, उच्चार अनेक) रडगाणं सगळ्यांना पाठ आहे, ते उगाळत नाही. मला त्यापेक्षा तीन अक्षरी 'ओ-डब्ल्यू'ची टोळी जास्त इरसाल वाटते. काउ, हाउ, नाउ, वाउ एकीकडे. लो, टो दुसरीकडे. आणि काही शब्द दोन्ही दगडांवर पाय ठेवून. 'बो' म्हटलं तर धनुष्य, 'बाउ' म्हटलं तर वाकून नमस्कार. 'रो' म्हणजे रांग किंवा वल्हवणं, 'राउ' म्हणजे भांडण. 'सो' म्हणजे पेरणं, 'साउ' म्हणजे डुकरीण. स्पेलिंग तेच, अक्षरही इकडचं तिकडे नाही.

आपल्याकडे असं नाही असं म्हणणार होतो, पण 'जग' आठवला. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे 'जिवंत राहा'. लिहायला एक, बोलायला दोन. फक्त आपल्याकडे हे च-ज-झ पुरतं, तिथे गावभर.

—

स्क्रॅबल खेळत असाल तर एक्सने संपणारे शब्द आधी शिका. शंभर सोंगट्यांत एक्स एकच, पण आठ गुणांचा. 'अॅक्स' ए-एक्स असा दोनच अक्षरी चालतो आणि त्याच्या पुढ्यात एकेक अक्षर ठेवत गेलं की फॅक्स, लॅक्स, मॅक्स, सॅक्स, टॅक्स, वॅक्स मिळतात. 'झॅक्स'सुद्धा! छपराच्या पाटीचे दगड तोडायच्या हत्याराचं हे नाव. दहा, एक, आठ असे नुसत्या सोंगट्यांचेच 19 गुण. तसंच 'ऑक्स'वरून बॉक्स, फॉक्स, पॉक्स. इथे कान उलट्या बाजूने फसवतो: 'फॉक्स' आणि 'सॉक्स' छान जुळतात, पण मोज्यांचं नेहमीचं स्पेलिंग सी-के-एस. (एस-ओ-एक्स हेही स्क्रॅबलमध्ये चालतं, ती गोष्ट वेगळी.)

—

मूळ प्रश्नाकडे येतो. 'हॅच' चुकल्यावर बी, सी, एल, एम, पी, डब्ल्यू असे सहा उमेदवार उरतात आणि प्रयत्न चार. एकेक करून बघत बसलात तर नशिबाचा खेळ. त्याऐवजी तिसऱ्या प्रयत्नात मुद्दाम 'क्लाइम्ब' टाका. तो उत्तर नाही हे माहीत असूनच. त्यात सी, एल, एम, बी चारही एकदम तपासले जातात. चौथ्या जागचा सी सगळ्यांतच आहे. पण उत्तर 'कॅच' असेल तरच पहिला सी हिरवा होईल, नाहीतर पिवळा. एल, एम, बी यांपैकी एखादा पिवळा झाला तर तोच उत्तराचं पहिलं अक्षर. काहीच लागलं नाही तर उरले 'पॅच' आणि 'वॉच', म्हणजे फार तर पाचव्या प्रयत्नात सुटका. आणि हो, 'क्लाइम्ब'चा बी तोंडात मुका असला तरी चौकटीत मोजला जातो.

—

अरेच्चा, हे भारी आहे. पण माझा हार्ड मोड चालू होता.

—

मग 'क्लाइम्ब' टाकू देणारच नाही, हिरवी अक्षरं जागच्या जागी ठेवावी लागतात. हार्ड मोडमध्ये दुसऱ्या प्रयत्नात 'हॅच' टाकणं हीच चूक. तिथे आधी वेगवेगळी व्यंजनं खपवायची, ए-टी-सी-एचच्या बोळात शक्य तितकं उशिरा शिरायचं.