स्कूट हेंडरसन चमकणार का? पोराला ०० ची जर्सी घेऊ की थांबू?

हिल्सबरोकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न तसा घरगुती आहे पण शेवटी बास्केटबॉलचाच आहे. आम्ही अमेरिकेत पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो, मुलगा दहा वर्षांचा, दिवाळीला त्याला ब्लेझर्सची (पोर्टलंडची एनबीए टीम) जर्सी हवीये आणि ती पण स्कूट हेंडरसनचीच, डबल झीरोवाली. ओरिजिनल जर्सी म्हणजे शंभरच्या वर डॉलर जातात, म्हणून विचारतोय. मी २०२३ पासून स्कूटला बघतोय, ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात) तिसरा गेला, वेम्बान्यामा आणि ब्रँडन मिलरच्या मागे, तेव्हा सगळे म्हणत होते की दुसऱ्या कुठल्या वर्षी असता तर पहिला गेला असता, आणि आपला जुना स्टार लिलार्ड मिलवॉकीला गेल्यावर तर सगळं गाव ह्याच्याकडेच बघत बसलं. पहिल्या वर्षी १४ पॉइंट, साडेपाचच्या आसपास असिस्ट (बास्केट करून देणारे पास), पण शूटिंग जेमतेम ३८ टक्के. दुसऱ्या वर्षी बहुतेक बेंचवरून येऊन, १२.७ पॉइंट. आता, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तिसरा सीझन तोंडावर आलाय आणि हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) फाटलीये, महिना-दोन महिने बाहेर. प्रामाणिकपणे सांगा, हा स्टार होणार आहे का? की दोन वर्षांनी दुसऱ्याच टीममध्ये दिसणार आणि जर्सी कपाटात पडून राहणार?

मोडा_सेंटर_वरची_रांग:
थांबा. अहो लिलार्ड परत आलाय ना, ० नंबरची घ्या आणि मोकळे व्हा! तो अकिलीसच्या (टाचेच्या वरची शीर) दुखापतीमुळे २०२५-२६ च्या सीझनला खेळणार नाही ते ठीक आहे, पण ती जर्सी ह्या गावात कधी जुनी होणार नाही.

स्कूटबद्दल माझं दुखणं वेगळंय. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या लगेच मागे, चौथ्या नंबरवर, ह्यूस्टनने अमेन थॉम्पसन घेतला. तो दुसऱ्याच वर्षी ऑल डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये (लीगच्या पाच सर्वोत्तम डिफेंडरमध्ये), आणि आपण अजून "वय काय त्याचं, एकवीस" म्हणत बसलोय. पोर्टलंडचं नशीबच असं. १९८४ ला आपण सॅम बोवी घेतला, लगेच मागून दुसऱ्यांनी जॉर्डन. २००७ ला आपण ओडन, मागून दुसऱ्यांनी ड्युरँट. माझा रूममेट जुना ब्लेझर्सवाला आहे, ड्राफ्टच्या रात्री टीव्हीच लावत नाही.

पुणे_सकाळी_साडेआठ:
बोवी आणि ओडन मध्ये आणू नका राव, त्यांची हाडं आणि गुडघे गेले, खेळ येत नव्हता असं नाही. स्कूटची केस वेगळी आहे. मी इकडून नाश्ता करता करता लीग पासवर (एनबीएचं ऑनलाइन प्रक्षेपण) जवळजवळ सगळ्या मॅचेस बघतो (ऑफिसात माहितीये, साडेदहाच्या आधी मला मीटिंग टाकत नाहीत), आणि पहिल्या वर्षीचा स्कूट आणि गेल्या वर्षाच्या शेवटचा स्कूट ही दोन वेगळी माणसं होती. थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) ३२.५ वरून ३५.४ टक्क्यांवर आला, टर्नओव्हर (बॉल गमावणं) कमी झाले, आणि जानेवारीत ब्रुकलिनविरुद्ध ३९ मारले. टीम २१ विजयांवरून ३६ वर गेली. आता कुणी म्हणेल की ते टीममधल्या कामारा आणि अवदियामुळे, आणि ते बरोबरच आहे, पण हा पण त्यात होता ना.

अजून एक. स्कूटच्या पहिल्या दोन वर्षांत कोच कोण होता बघा. चॉन्सी बिलप्स स्वतः १९९७ च्या ड्राफ्टचा तिसरा पिक, स्कूटसारखा पॉइंट गार्डच (टीमचा खेळ चालवणारा), बॉस्टनने पहिलं वर्ष संपायच्या आत टोरंटोला देऊन टाकला. मग डेन्व्हर, मिनेसोटा असं करत करत २००२ ला डेट्रॉइटला पोचला आणि २००४ ला फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). म्हणजे सात वर्षं.

मोडा_सेंटर_वरची_रांग:
सात वर्षं आणि पाचवी टीम. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे 😄 बिलप्स मोठा झाला, पण ज्यांनी ड्राफ्ट केला त्यांच्याकडे नाही. २०२६ च्या उन्हाळ्यात स्कूटच्या एक्स्टेन्शनचा (करार वाढवण्याचा) विषय निघेल, तेव्हा टीम किती पैसे पुढे करते त्यावरून कळेलच.

नागपूरची_ताई:
मी शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, म्हणून जरा मैदानावरचं बोलते. स्कूटचा प्रॉब्लेम टॅलेंटचा नाहीच आहे, त्याचा वेगच त्याला नडला. माझ्याकडे दरवर्षी एक तरी अशी पोरगी येते जी सगळ्यांपेक्षा फास्ट असते, आणि तिला थांबायला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण थांबायची गरजच पडली नाही ना! पळाली की संपलं. मग ती विभागीय लेव्हलला जाते आणि तिथे समोर तिच्याएवढीच फास्ट पोरगी, मागे अजून एक उंच उभी. झालं, बॉल हातातून गेला.

स्कूट सतराव्या वर्षी कॉलेजला न जाता जी लीग इग्नाइटला (एनबीएच्या खालच्या लीगमधली टीम) गेला, तिथे मोठ्या माणसांमध्ये पण त्याचा पहिला पाय पुढे जायचा. २०२२ ला लास वेगासजवळ वेम्बान्यामाच्या टीमविरुद्ध २८ पॉइंट मारले ती मॅच बघा, काय सुटायचा! एनबीएत मात्र डिफेंडर स्क्रीनच्या (वाट अडवून उभा राहिलेला साथीदार) खालून जायला लागले, म्हणजे "मार बाबा लांबून, आम्ही आत येऊ देत नाही". तेव्हा त्याच्याकडे लांबचा शॉट पण नव्हता आणि मधेच ब्रेक लावून घ्यायचा छोटा शॉट पण नव्हता. एकच गियर. गेल्या वर्षी मला पहिल्यांदा दिसलं की तो आत शिरून थांबतो, डिफेंडरला पाठीवर घेतो, बघतो, मग पास देतो. हे पॉइंटमध्ये मोजून दिसत नाही, भाऊ.

म्हणून मला हॅमस्ट्रिंगचं जास्त वाईट वाटलं. वेगावर जगणाऱ्या गार्डला तोच स्नायू दुखावणं म्हणजे... घाई केली तर परत फाटतो. माझ्या एका मुलीचा दोनदा फाटला, तिसऱ्यांदा ती आलीच नाही. चार आठवड्यांऐवजी दहा लागू द्या म्हणावं, आणि परत येताना टीममधल्या अनुभवी गार्ड ज्रू हॉलिडेच्या बाजूला बसवा त्याला. तो माणूस पस्तिशीतला आहे, आता कुणाला पळून हरवत नाही, तरी खेळतोच आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, ऑल स्टार (लीगच्या निवडक मोठ्या खेळाडूंपैकी) होईल असं मला नाही वाटत. पण चांगल्या टीमचा चांगला गार्ड होईल, दहा वर्षं खेळेल. तिसऱ्या पिकला हे कमी आहे का? लोकांना कमी वाटेल, मला नाही.

पुणे_सकाळी_साडेआठ:
ताई, बाकी सगळं मान्य, ऑल स्टारवर मी अजून पैज लावतो. एक वडापाव.

हिल्सबरोकर:
सगळ्यांचे आभार, ताईंची पोस्ट बायकोला पण वाचून दाखवली. काल रात्री पोराला म्हटलं की बघ, लिलार्डची घेऊया का, तो मोठा प्लेयर आहे. तर म्हणाला, "बाबा, झीरो सगळ्यांकडे आहे, आणि मला स्कूट आवडतो कारण तो चुकला की लगेच परत पळत डिफेन्सला येतो." मी दोन वर्षं टक्केवारी बघतोय आणि हे माझ्या लक्षातच नाही आलं. ऑर्डर केली, डबल झीरो. एक्सचेंज नाहीये, म्हणून मीडियम की लार्ज ह्यावर घरात वाद चालू आहे.

मोडा_सेंटर_वरची_रांग:
लार्ज. वाढत्या अंगाची घ्यावी. अमेनबद्दल बोललो ते मात्र मागे घेत नाही.