मदत हवी आहे: होडीच्या पंख्याजवळचं झिंक टिकतच नाही

दाभोळखाडी:
मंडळी, तातडीने सांगा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घातली तेव्हा नवं झिंक, म्हणजे पंखा झिजू नये म्हणून लावतात तो जस्ताचा तुकडा, लावलं होतं. दिवाळी यायच्या आत बोटभर उरलंय. गेल्या वेळी अख्खा हंगाम टिकलं होतं. मालात भेसळ असेल का? दुसरं काय लावू? उद्या भरतीला होडी वर घेतोय, त्याआधी उत्तर हवं.

खारावारा:
होडी लाकडी की फायबर? पंखा कशाचा, तो फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट कशाचा? उभी कुठे असते?

दाभोळखाडी:
फायबर. पंखा ब्राँझ, शाफ्ट स्टील. खाडीतच असते. मी झिंकचं विचारतोय, पंख्याचं नाही.

रसायनसर:
पंख्यावरच सगळं आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की त्यांचा बॅटरीसारखा सेल होतो. जो जास्त क्रियाशील तो विरघळतो, दुसरा वाचतो. क्रम असा: मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, कथील, तांबं. जस्त झिजतंय म्हणून तुमचा पंखा शाबूत आहे. प्रश्न फक्त इतक्या लवकर का, हा.

जुनातांडेल:
झिंकला ऑइलपेंटचे दोन हात मारा. वर्षभर हलत नाही. आम्ही तेच करतो.

रसायनसर:
तांडेल, कृपा करून हे कुणाला सांगू नका. रंगाखाली जस्ताला पाणीच लागत नाही, मग झीज पंख्यावर येते. पंखा पितळी असेल तर त्यातलं जस्त निघून जातं आणि तांबूस, ठिसूळ सांगाडा उरतो.

जुनातांडेल:
पूर्वी जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा असे. त्याला कुठे होतं झिंक?

रसायनसर:
तेही करून झालंय. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली. पण विरघळणारं तांबंच शिंपल्यांना दूर ठेवत होतं. ते थांबल्यावर बुडाला शिंपले चिकटले.

कोकमआगळ:
ॲल्युमिनियम मात्र लावू नका हो दादा. आमच्याकडे आगळ ॲल्युमिनियमच्या टोपात राहिलं, टोपाला खड्डे पडले आणि सगळं आगळ ओतावं लागलं. आंबट चिनी मातीच्या बरणीतच ठेवावं. पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच.

खारावारा:
काकू, कोकमाचं आम्ल ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर खातं, ते वेगळं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा जस्तावर कवच धरतं आणि ते काम करेनासं होतं. तिथे खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचा तुकडा उलट बरा. दाभोळखाडी, यंदा नवीन काय बसवलंत?

दाभोळखाडी:
विशेष काही नाही. स्टेनलेसचं सुकाणू. आणि वायरमनने सुकाणू, पाणी घ्यायचा ब्राँझचा व्हॉल्व्ह, सगळं तारेने इंजिनला जोडून दिलं.

खारावारा:
मग भेसळ नाही. गेल्या वर्षी ते झिंक पंखा आणि शाफ्ट सांभाळत होतं, आता तेवढ्याच तुकड्यावर सुकाणू आणि व्हॉल्व्हही आले. तार काढून टाका.

रसायनसर:
सरसकट काढू नका. व्हॉल्व्ह कुजला तर होडीत पाणी येईल. झिंक मोठं घ्या, सुकाणूला वेगळा तुकडा लावा. लावताना खालचा रंग खरवडा, धातूला धातू भिडला पाहिजे.

खारावारा:
फायबरच्या होडीत सुकाणू तारेने जोडलं नाही तरी चालतं. आमचं तसंच आहे, काही झालेलं नाही.

दाभोळखाडी:
तुमचं भांडण नंतर. मोठं म्हणजे किती किलोचं? आणि हर्णैला मिळेल की मिरकरवाड्यालाच जावं लागेल?