मदत हवी आहे: धिंगरीच्या पावडरीतलं बीटा-ग्लुकन डेक्टिन-१ ला चिकटतं का, हे कसं तपासू?

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्याच्या धानपट्ट्यात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या गावचा बचत गट तणसावर धिंगरी अळिंबी घेतो आणि विकून उरलेली वाळवून पावडर करतो. आता पाकिटावर 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' असं छापायचा विचार आहे. अध्यक्षताई म्हणाल्या, "मॅडम, तुमी तपासून सांगा, मंग छापू." छापायच्या आधी विचारलं, याचं मला फार कौतुक वाटलं, म्हणून उत्तर नीट द्यायचं आहे.

अळिंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-१,३/१,६-ग्लुकन (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) असतं. मॅक्रोफेज आणि डेन्ड्रिटिक या प्रतिकारक पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राही (बाहेरचा संदेश पकडणारा रेणू) ते ओळखतो, हे ब्राउन आणि गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवलं. पण नुसतं चिकटून भागत नाही. ग्लुकन कणरूपात असेल तर पेशी उत्तेजित होते. विरघळलेलं ग्लुकन बहुधा ग्राहीवर जागा अडवून बसतं, पुढे संदेश जात नाही. मग गरम पाण्यातला अर्क तपासू की खाली उरलेला चोथा? मला चोथाच योग्य वाटतो.

खरी धास्ती एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी घटकाची आहे. अळिंबी वाळते ती शेणानं सारवलेल्या अंगणात, ताडपत्रीवर. वारा सुटला की कडेचे तुकडे खाली उडतात, बाया ते वेचून परत वर टाकतात. ग्राम-ऋण जिवाणूंचं लिपोपॉलिसॅकराइड (हेच ते एंडोटॉक्सिन) त्यात येणारच. ते उकळून जात नाही, आणि टीएलआर-४ या दुसऱ्या ग्राहीमार्फत तेही टीएनएफ-अल्फा (उत्तेजित पेशी सोडतात ते दाहकारक प्रथिन) वाढवतं. एलायझात, म्हणजे हे प्रथिन मोजायच्या चाचणीत, आकडा चढला तर तो अळिंबीमुळे की अंगणामुळे, हे कसं वेगळं करायचं?

पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक घालून एंडोटॉक्सिन बांधायचं आणि दुसरीकडे लॅमिनारिन या विरघळणाऱ्या ग्लुकननं डेक्टिन-१ अडवायचा, एवढे कंट्रोल पुरतील का? एंडोटॉक्सिन मोजायची साधी लिम्युलस चाचणी इथे फसवते, कारण तिच्यातला फॅक्टर-जी हा घटक ग्लुकनलाही प्रतिसाद देतो. फक्त एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या फॅक्टर-सी वर चालणारी चाचणी नागपूरकडे कोणी करून देतं का?

नागपूरच्या एका प्रयोगशाळेनं आरएडब्ल्यू २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेजसारख्या) पेशी देऊ केल्या आहेत. पण त्यांच्यावर डेक्टिन-१ फारच कमी असतो, त्यामुळे 'परिणाम नाही' असं उत्तर आलं तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा? डेक्टिन-१ घातलेल्या रिपोर्टर पेशी (ग्राही जागा झाला की मोजता येणारी खूण देणाऱ्या) कोणाकडे असतील तर कृपया सांगा. मी नमुने घेऊन तिथे येईन, इकडे पेशी जगवण्याइतकी वीज टिकत नाही.

प्लेटमधल्या पेशींनी प्रतिसाद दिला म्हणून पावडर खाणाऱ्याची प्रतिकारशक्ती वाढते असं ठरत नाही, हे ताईंना सांगितलं आहे. सध्या पाकिटावर फक्त 'वाळवलेली धिंगरी' छापणार आहोत, आणि वाळवण मचाणावर जाळी लावून करा, असं मी गटाला सुचवलं आहे. जुन्या आणि नव्या पद्धतीनं वाळवलेले नमुने शेजारी ठेवून तपासले तर काही हाती लागेल का?