'आकस्मिक हल्ला' की 'छापा'?

मृण्मयी_अ
पर्ल हार्बरवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. हवाईतल्या या अमेरिकन नौदल तळावर 7 डिसेंबर 1941 ला झालेल्या जपानी हल्ल्याला मी 'छापा' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'आकस्मिक हल्ला' करून टाकलं. मला ते पटत नाही. आकस्मिक निधन, आकस्मिक खर्च म्हणतो आपण. इथे तर महिनोन्‌महिने तालीम चालली होती. बंदराचं पाणी जेमतेम 12 मीटर खोल, म्हणून पाणतीर (टॉर्पेडो) तळाच्या गाळात रुतू नयेत यासाठी त्यांना लाकडी पंख बसवले होते. सहा विमानवाहू जहाजं 26 नोव्हेंबरलाच निघाली होती.

नाना_जोशी
व्युत्पत्तीही तुमच्याच बाजूने आहे. अ-कस्मात्, म्हणजे ज्याला 'कशामुळे' नाही ते. जपानला कारण चांगलंच होतं. जुलै 1941 मध्ये अमेरिकेने त्यांची मालमत्ता गोठवली, पाठोपाठ तेल तोडलं. सुमारे 80 टक्के तेल तिथूनच यायचं. साठा संपण्याआधी डच ईस्ट इंडीजच्या (आजच्या इंडोनेशियाच्या) तेलविहिरी घ्यायच्या, तर बाजूने येणारं अमेरिकन आरमार आधी लुळं करायला हवं होतं.

साताराकर
छापाच बरोबर. लाल महालात महाराजांनी घातला तो छापा. घुसायचं, मारायचं, निघायचं. हवाईत जपानने जमीन कुठे घेतली?

श्रुती७
पण त्याच सुमारास मलाया, फिलिपाइन्समध्ये सैन्य उतरवलंच की. शिवाय आज 'छापा' वाचला की आयकर खातं आठवतं. 'बेसावध गाठलं' म्हणा ना, सरळ.

नाना_जोशी
'बेसावध' नको. त्यात मार खाणाऱ्यावर ठपका येतो. आणि 27 नोव्हेंबरला वॉशिंग्टनहून युद्धाचा इशारा गेलेला होता. हल्ला होणार हे ठाऊक होतं, हवाईवर होईल हे वाटलं नव्हतं.

मराठीच_लिहा
'हल्ला' हा परका शब्द कशाला? 'चढाई' आहे, 'घाला' आहे.

साताराकर
मग 'गनिमी कावा'ही टाकून द्या. गनीम अरबी आहे, मोगल आपल्यालाच गनीम म्हणायचे. शब्द रुळला की आपला.

मराठीच_लिहा
रुळला म्हणून सगळंच चालवून घ्यायचं, तर चर्चा कशासाठी? 'काळाने घाला घातला' यात अचानकपणा आपोआप येतो.

श्रुती७
येतो, पण काळाला तयारी करावी लागत नाही! मृण्मयीताईंचा मुद्दा तोच आहे.

दादरचे_आजोबा
3 डिसेंबर 1971 ला संध्याकाळी पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर अशा तळांवर विमानं घातली, तेव्हा आमच्या चाळीत सगळे 'हल्ला झाला' एवढंच म्हणाले. काचांना खाकी कागद डकवून आम्ही रेडिओला कान लावले होते. मध्यरात्रीनंतर इंदिराबाई बोलल्या. इस्रायलने जून 1967 मध्ये इजिप्तची विमानं जमिनीवरच जाळली, तोच कित्ता पाकिस्तानला गिरवायचा होता. पूर्व पाकिस्तानात गळ्याशी आलं होतं, म्हणून पश्चिमेला आघाडी उघडली. पण आपली विमानं काँक्रीटच्या आडोशाला होती.

साताराकर
आजोबा, 1967 ला छापा म्हणता येणार नाही. इस्रायलने सिनाई घेतलं.

नाना_जोशी
पहिल्या सकाळचा तो छापाच, नंतरची मोहीम. इस्रायली जहाजांची वाट असलेली तिरानची सामुद्रधुनी इजिप्तच्या नासरने बंद केली ते मे महिन्यात, तिथून मोजायला हवं.

मृण्मयी_अ
मला उद्या मजकूर द्यायचाय. पर्ल हार्बरचं सांगा ना कुणीतरी.

मराठीच_लिहा
घाला.