शेंगेन व्हिसा : अपॉइंटमेंट मिळेल त्या देशाचा नव्हे

व्हिएन्नाच्या परिषदेला जाणाऱ्यांना कुणीतरी सुचवलंय की ऑस्ट्रियाच्या व्हिसासाठी अपॉइंटमेंटची तारीख मिळत नसेल तर दुसऱ्या कुठल्याही शेंगेन देशाकडे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) अर्ज टाकावा. कृपया असं करू नका. जिथे मुख्य काम किंवा सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. 'आधी कुठे उतरणार' हा निकष मुख्य ठिकाण ठरवताच येत नसेल तेव्हाच. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, पण 45 पर्यंत जाऊ शकतात, म्हणून लवकर हालचाल करा. विमा किमान 30,000 युरोचा हवा.

राहिलेला मुद्दा नावाचा. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात बरेचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं : 'प्रसाद विनायक', खाली आडनाव. परिषदेच्या फॉर्मवर मात्र माणूस नुसतं प्रसाद आणि आडनाव भरतो, आणि निमंत्रणपत्र तसंच छापून येतं. तिकीट, विमा, पत्र सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच स्पेलिंग ठेवा. पत्र आधीच चुकीचं आलं असेल तर आयोजकांना पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाठवून आजच बदलून मागा, नोंदणीची गर्दी वाढली की उत्तरं उशिरा येतात.

परिषदेत तुमच्या कामाचं पोस्टर लावायचं असेल तर कापडावर छापा. पोस्टरचा ए-झिरो आकार म्हणजे 841 बाय 1189 मिमी. कागदी पोस्टरची नळी विमानाच्या केबिनमध्ये नेताना अडवली जाऊ शकते, कापड घडी करून लॅपटॉपच्या बॅगेत मावतं.