प्रतिसाद: ‘बस’ एक नव्हे, अनेक

वरील चर्चेत ‘बस’ या शब्दाचे सर्व अर्थ एकाच मुळातून फुटले असावेत, असा तर्क मांडला आहे. तो मला पटत नाही. नागपुरातल्या सीताबर्डीच्या थांब्यावर एखादी आई मुलाला सहज म्हणते, “बस आली, पटकन बस, आता बडबड बस कर.” या एका वाक्यात तीन वेगळी घराणी एकत्र आली आहेत.

बसण्याचा ‘बस’ संस्कृत ‘उपविश्’ धातूतून प्राकृतमार्गे आला. हिंदीतील ‘बैठना’ त्याच धातूच्या ‘उपविष्ट’ या रूपाचा वंशज आहे. ‘पुरे’ या अर्थाचा ‘बस’ फारसी असून आपण तो ‘बास’ असाही उच्चारतो. वाहनाची कथा मात्र सर्वांत गमतीची आहे. लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. 1820च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या सार्वजनिक गाड्यांना हे नाव मिळाले आणि पुढे इंग्रजांनी त्याचे शेपूट तेवढे ठेवले. म्हणजे ज्याला आपण शब्द समजतो, तो मुळात केवळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे, ‘सर्व’ हा अर्थ सांगणारा भाग तर केव्हाच गळून पडला!

नागपुरात हिंदी शेजारीच नांदत असल्याने आणखी दोन अर्थांची भर पडते. ‘वो यहीं बस गया’ यातील ‘बसना’ हे संस्कृत ‘वस्’पासून आले, तर ‘मेरे बस की बात नहीं’ यातील ‘बस’ म्हणजे आपला ‘वश’. फ्रेंचमध्येही ‘bas’ असा लिहिला जाणारा शब्द आहे, ज्याचा अर्थ ‘खालचा’ किंवा ‘पायमोजा’ असा होतो. परंतु त्याचा उच्चार ‘बा’ असल्याने तो या यादीत धरावा की नाही, हे जाणकारांनी ठरवावे.